काळतोंड्या आणि शेवाळ

उंबरेवाडी, ता. वाई
दि. ६ जुलै २०२४

चि. सौ. अश्लेषा हिस,

आबाचे अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार सांग. इकडे सर्व ठीक आहे. ठीक म्हणजे पाऊस फार आहे, ओढा भरून वाहतो आहे, गोळी रोज घेतो आहे, आणि छपराचा ओढ्याकडचा पत्रा वाऱ्यानं वाजतो. तो उडेल असं रोज वाटतं, पण अजून उडालेला नाही.

घरात फोन असताना आबा पत्र का लिहितात, असं तू पुष्करना म्हणशील. फोनवर तू विचारतेस गोळी घेतली का, मी म्हणतो घेतली. तू विचारतेस सांगलीला कधी येताय, तेवढ्यात रेंज जाते. कधी रेंज असते आणि माझंच बोलणं जातं. कागदावर मधे थांबता येतं. सातवी नापास माणसाला थांबत थांबतच लिहावं लागतं, ते फोनवर जमत नाही.

मुख्य मुद्दा काळतोंड्याचा. तू नव्या घराच्या नळाजवळ आईचं हे झाड लावायचं म्हणालीस आणि मागच्या वर्षी नेलेल्या काड्या तुझ्या काळ्या मातीत कुजल्या, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच आहे. म्हणून या वेळी गुटी बांधली. तुला आठवत असेल, मी सरकारी रोपवाटिकेत असताना डाळिंबा-पेरूला बांधायचो तशी. फांदीची साल बांगडीएवढी गोल काढायची, तिथं ओलं शेवाळ गुंडाळायचं, वरून प्लास्टिकचा कागद, दोन्ही टोकांना सुतळी. आत मुळ्या फुटल्या की खालून कापायचं आणि लावायचं. जन्म गेला त्यात माझा.

तरी तिन्ही गुट्या वाळल्या.

कारण सांगायला लाज वाटते. मी त्या सोडून बघायचो. रोपवाटिकेत वर साहेब असायचा, तो बघू द्यायचा नाही. इथं कोण अडवणार? आज मूळ आलं असेल का, शेवाळ सुकलं असेल का, मुंगी तर शिरली नसेल, असं मनात आलं की जायचो, सुतळी सोडायचो, बघायचो, परत बांधायचो. तुझी आई असती तर म्हणाली असती, नाव हंबीरराव आणि काळीज चिमणीचं.

सुतळी सोडल्यानंच गुट्या वाळल्या, हे मला बनुबाईंनी सांगितलं. बनुबाई म्हणजे वाईच्या रस्त्याला जी खाजगी रोपवाटिका आहे तिथं काम करतात त्या. आपल्या झऱ्यावरचं शेवाळ त्यांना गुट्यांसाठी लागतं, म्हणून येतात. सगळं खरवडत नाहीत, कडेकडेचं काढतात आणि मधलं राखतात. त्यांनी माझी वाळकी गुटी हातात घेतली, सुतळीवरच्या गाठी बघितल्या आणि म्हणाल्या, "हिला मूळ फुटायच्या आधी तुमीच फुटलाय."

मी चहा ठेवला.

आता तुला एक शास्त्राचं विचारायचं आहे, तू नववीला शिकवतेस म्हणून. झरा पाझरतो तिथं काळतोंड्या आणि शेवाळ एका हाताच्या अंतरावर आहेत. दोघांना पाणी एकच, चिखल एकच. काळतोंड्या कमरेइतकं वाढतं, पानावर तीन ठसठशीत रेघा, हात लावला तर खरबरीत, आणि फूल असं जांभळं की लांबून कुणी लुगडं वाळत घातलंय असं वाटावं. फूल संध्याकाळी गळतं, सकाळी दुसरं हजर. फळ खाल्लं की जीभ काळी होते, म्हणून तर आपण त्याला ते नाव दिलं. आणि शेवाळाला काय आहे? फूल नाही, फळ नाही, बी नाही. तू लहान असताना पुस्तकातून मला वाचून दाखवलं होतंस की त्याला खरं मूळसुद्धा नसतं, नुसते केस असतात धरून ठेवायला. मग ज्याला स्वतःला मूळ नाही ते दुसऱ्याच्या फांदीला मूळ कसं काय फोडतं? बनुबाई म्हणतात ते काही फोडत नाही, नुसतं ओल धरून गप बसतं. हे बरोबर आहे का ते कळव.

पत्रा वाजला म्हणून मधे उठून बघून आलो. जागेवर आहे.

बाकी काही विशेष नाही. बनुबाई मूळच्या विट्याकडच्या. मालक गलाईच्या धंद्यात कोइमतूरला होते, सोनं गाळायचे, तिकडेच वारले. मुलंबाळं नाहीत. चिडल्या की "पोदुम" म्हणतात, म्हणजे तमिळमध्ये पुरे. मला बरेचदा म्हणतात. हे सहज सांगितलं.

तुझा,
आबा

ता. क. पाकीट चिकटवल्यावर वाटलं गोळीचं लिहायचं राहिलं, म्हणून वाफेवर धरून उघडलं. लिहिलेलंच होतं. त्यामुळे पाकीट सुरकुतलं आहे, पोस्टातल्या माणसाला दोष देऊ नकोस.


उंबरेवाडी
दि. १८ ऑगस्ट २०२४

चि. सौ. अश्लेषा,

अनेक आशीर्वाद. तुझा फोन आला, त्यात तू शेवाळाचं उत्तर दिलं नाहीस. तू विचारलंस, "आबा, या बनुबाई कोण?" मी म्हणालो शेवाळवाल्या. मग तू विचारलंस की पत्रात त्या इतक्या वेळा का आल्या आहेत. मग रेंज गेली.

रेंज गेली नव्हती. मी फोन पालथा ठेवला आणि अंगणात जाऊन बसलो. तू खूप वेळ हॅलो हॅलो म्हणत होतीस, ते ऐकू येत होतं.

म्हणून आता लिहायला बसलो आहे आणि आज सगळं लिहिणार आहे. आधी गुटीचं लिहितो, म्हणजे हात सैल होईल.

चौथी गुटी बनुबाईंनी बांधली. आईच्या झाडाची झऱ्याकडची जाड फांदी त्यांनीच निवडली. शेवाळ मुठीत पिळून त्यातलं जादा पाणी काढलं, मग असं गुंडाळलं की बाळाला कुंची घालावी. वरचा कागद पारदर्शक घेतला. गाठ अशी मारली की ती कुठं सुरू होते तेच कळत नाही. मी बाजूला उभा राहून मुंग्यांची आठवण करून दिली, उन्हाची दिली, वानरांची दिली. त्या म्हणाल्या, "आवं, मूळ यायचं असलं तर कागदातनं दिसंल. उघडून बघायचं न्हाई. पोदुम."

मी उघडली नाही. झाडापर्यंत जातो, हात पाठीमागे बांधतो आणि बघून येतो. तुला खोटं वाटेल, पण झोपही बरी लागते आहे.

आता दुसरं. त्या दिवशी आम्ही झऱ्यावरच्या दगडावर बसलो होतो आणि मी माझी ती काळतोंड्याची आणि शेवाळाची तुलना त्यांना सांगितली. मला ती फार आवडली होती, म्हणून जरा पुढं गेलो. म्हणालो, आमची गोदावरी काळतोंड्यासारखी होती. वावराच्या या टोकाला हसली की त्या टोकाला कळायचं, रोज नवं फूल. आणि तुम्ही शेवाळासारख्या आहात, गप बसून ओल धरणाऱ्या.

मला वाटलं मी चांगलं बोललो. अश्लेषा, त्या बाईंनी विळा खाली ठेवला आणि हसायला लागल्या त्या थांबेचनात. डोळ्याला पदर लावला. झऱ्यावर पाणी प्यायला आलेला बगळा उडून गेला. मग म्हणाल्या, "मी शेवाळ? कोइमतूरच्या गल्लीत माझ्या आवाजानं नळावरची भांडणं मिटायची. शेवाळ तुमी हायसा. जरा ऊन लागलं की वाळून काटूक, दोन थेंब पडलं की हिरवंगार. आन् बसायचं एका दगडाला धरून."

मी खूप विचार केला त्यावर. खरं आहे ते. तुझी आई गेल्यावर मी चार वर्षं तपकिरी होऊन पडलो होतो. तू सांगलीहून यायचीस तेव्हा दोन दिवस हिरवा व्हायचो, तू गेलीस की पुन्हा तेच. तुला ते दिसायचं, म्हणून तर तू माझ्यासाठी खोली काढलीस, पुष्करनी पंखा बसवला, न्हाणीत धरायला दांडा बसवला. इतकं कोणता जावई करतो? त्या दांड्याचा फोटो तू पाठवलास तो मी जपून ठेवला आहे. पण मी येत नाही, आणि का येत नाही ते सांगत नाही, आणि तुला वाटत असणार की मला तुमचं घर परकं वाटतं. तसं नाही.

मला बनुबाईंशी लग्न करायचं आहे.

लिहिलं. आता पत्रा उडाला तरी चालेल.

हे मी त्यांना विचारलं नाही. मला कुठला धीर? त्यांनीच विचारलं. शेवाळाची पाटी डोक्यावर घेता घेता म्हणाल्या की रोजचा चहा रस्त्यावरून चढून येऊन प्यायचा की इथंच राहून प्यायचा, ते एकदा ठरवा, गुडघे दुखतात. मी पाटीला हात लावायचा तेसुद्धा विसरलो.

आणि त्यांच्या दोन अटी आहेत. तुला ठाऊक आहे, आपल्याकडे पूर्वी विधवेचा पाट लावायचे तो अंधारात, मोजक्या माणसांत, कुणी वाजंत्री नाही, सवाष्णींनी तोंड बघायचं नाही. मी घाबरट, मी म्हणालो आपणही कुणाला न सांगता गुपचूप उरकू, वाडीत बोलणं नको. त्यांचा चेहराच बदलला. "मी काय चोरी केली? करायचं तर भर दुपारी, लोकांची जेवणं व्हायच्या टायमाला. सगळ्यांनी बघून जेवावं." ही एक अट. दुसरी अट, तुझा होकार. तुझा होकार आल्याशिवाय त्या आपल्या घराचा उंबरा ओलांडणार नाहीत. आजवर चहासुद्धा ओट्यावरच पितात. आईच्या चुलीकडे, मांडणीकडे एकदाही गेल्या नाहीत. मी म्हणालो आत या, पाऊस लागतोय, तर म्हणाल्या, "ते तिच्या आईचं हाय. ती या म्हणंल तवा."

तेव्हा आता सगळं तुझ्या हातात आहे. तू हो म्हणालीस तर मी इथं राहीन आणि सणासुदीला आम्ही दोघं सांगलीला येऊ. तू नाही म्हणालीस तर मी एकटा पिशवी भरून तुझ्या त्या खोलीत येईन, दांड्याला धरून अंघोळ करीन आणि तुला पुन्हा हे बोलून दाखवणार नाही. हे धमकी म्हणून लिहिलेलं नाही. वाचताना तसं वाटलं तर ती ओळ खोड.

तुझी आई मला आठवते का, असं तू विचारशील. फूल आलं की रोज आठवते. गंमत अशी की आता आठवलं तर कुणाला तरी सांगता येतं. बनुबाई ऐकतात आणि मधेच म्हणतात, बाई झकास होती तुमची.

उत्तराची घाई नाही. म्हणजे आहे, पण तू करू नकोस.

तुझा,
आबा

ता. क. हे पाकीटही एकदा उघडलं. "मला बनुबाईंशी" या ओळीवर खाडाखोड करावी असं वाटलं होतं. केली नाही.


उंबरेवाडी
दि. ९ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. अश्लेषा,

तुला आणि पुष्करना अनेक आशीर्वाद. परवाच तू इथून गेलीस आणि मी लगेच लिहितो आहे. तू स्वतः सगळं पाहिलंस, तरी माझ्या बाजूनं काय झालं ते तुला ठाऊक नाही, म्हणून.

सप्टेंबर सगळा तुझ्याकडून शब्द नाही. फोन यायचा, गोळी घेतली का, जेवलात का, पाऊस कसा आहे. त्या पत्राचं नाव नाही. मीही काढलं नाही. बनुबाई म्हणायच्या की ती गुटी आहे असं समजा, उघडू नका. मी हात पाठीमागे बांधून फोनजवळ बसायचो. एकदा तर वाटलं पत्र पोचलंच नसेल, आणि खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं.

मग तो रविवार. मी गोळ्या आणायला वाईला गेलो होतो. येताना एसटी खालच्या फाट्यावर सोडते, तिथून चढ. वळणावर आलो तर आपल्या अंगणात पांढरी गाडी. तुमची गाडी पांढरी आहे हे मला त्या वेळी आठवलं नाही. मला वाटलं दवाखान्याची आहे. कोण आजारी पडलं, कोण गेलं, बनुबाई झऱ्यावर घसरल्या का, एवढं सगळं त्या एका चढात झालं. पळालो. माझ्या वयाला पळणं म्हणजे काय ते पुष्करनी ओट्यावरून पाहिलंच. ते म्हणाले, "आबा, सावकाश, सगळे जिवंत आहेत." तुमच्या जावयाला विनोद कळतो हो, असं तुझी आई म्हणाली असती.

मी विचारलं, अश्लेषा? त्यांनी झऱ्याकडे बोट केलं. मी विचारलं, आणि? ते म्हणाले, त्यापण तिथंच. कधीपासून? बराच वेळ झाला. भांडताहेत का? ते म्हणाले, आवाज तर मोठे आहेत, पण शब्द कळत नाहीत.

मी ओट्याजवळच थांबलो. मला तिथून तुमच्या दोघींच्या पाठी दिसत होत्या, काळतोंड्याच्या पलीकडे. तू खाली वाकलेली, त्या उभ्या. मला वाटलं तू रडतेस. वाटलं, झालं, संपलं, पिशवी भरायला घ्यावी. आणि तेवढ्यात तू वळलीस, मला पाहिलंस आणि लहानपणी करायचीस तशी जीभ बाहेर काढलीस.

काळीभोर.

मग त्यांनीही काढली. त्यांचीही काळीभोर.

अश्लेषा, शाळेत शिकवणारी बाई तू, आणि साठीच्या पुढची ती बाई, दोघी चिखलात उभ्या राहून मला जिभा दाखवताय. मी तिथंच बसलो. तुम्हाला वाटलं मला चक्कर आली, म्हणून तुम्ही पाणी घेऊन धावलात. चक्कर नव्हती. मला हसू आवरत नव्हतं आणि ते दिसू नये म्हणून मी खाली मान घातली होती.

तुमचं काय बोलणं झालं ते तू मला सांगितलं नाहीस. बनुबाईंनी थोडं सांगितलं, तुझ्या परवानगीनं असं म्हणतात. तू पहिल्यांदा आईच्या झाडाजवळ नुसती उभी होतीस म्हणे, आणि त्यांनी शेवाळ काढायचं थांबवलं. मग तू विचारलंस, माझे आबा झोपेतून उठून तीन-तीनदा दाराची कडी बघतात, ते चालेल का? त्या म्हणाल्या, बघू देत, मी कडीच काढून ठेवते, मग काय बघतील? तेव्हा तू हसलीस आणि पहिलं फळ तू तोडलंस. दोन तोडलीस. एक त्यांना दिलंस.

बस, एवढं मला पुरे आहे. बाकीचं तुमच्यात राहू दे.

गुटी मात्र माझ्या डोळ्यांसमोर कापली गेली. कागदातून मुळ्या दिसत होत्या, पांढऱ्या, शेवयांसारख्या, शेवाळाच्या हिरव्यातून गर्दी करून बाहेर येऊ बघणाऱ्या. एवढा जन्म रोपवाटिकेत गेला, पण न उघडता पहिल्यांदाच पाहिल्या. मी कात्री पुढं केली, तू बनुबाईंकडे दिलीस, त्यांनी परत तुझ्याकडे दिली. "जिची आई तिनं कापायचं," म्हणाल्या. मग कट असा आवाज आला आणि आईचं झाड तुझ्या हातात आलं, बुंध्याशी ते ओलं शेवाळ गुंडाळलेलं तसंच.

आणि परत घराशी आल्यावर तू आधी आत गेलीस, मग दारात येऊन त्यांना म्हणालीस, "बाहेर काय उभ्या? या की आत. चहा मला कुठं ठेवलाय ते सापडत नाहीये." चहा नेहमीच्याच डब्यात होता, अश्लेषा. तो डबा तुझ्या जन्माआधीपासून त्याच फळीवर आहे. मला ते लगेच कळलं, पण मी बोललो नाही. बघ, मी शिकतो आहे.

त्यांनी उंबऱ्यावर पाय ठेवण्याआधी चिखल धुतला. मग आत आल्या.

आता कामाचं. साताऱ्याच्या कचेरीत नोटीस देऊन झाली आहे. तारीख पुढच्या महिन्यातली मिळेल, नक्की कळलं की फोन करीन, आणि या वेळी रेंज जाणार नाही. वेळ भर दुपारची मागितली आहे. तिथला कारकून म्हणाला, आजोबा, सकाळी गर्दी कमी असते. मी म्हणालो आम्हाला गर्दीच हवी आहे. आपल्याला असं बोलता येतं हे मलाच माहीत नव्हतं. साक्षीदार म्हणून तू आणि पुष्कर सही कराल ना? नंतर वाडीत जेवण आहे. ज्यांना बोलायचं आहे ते जेवून बोलतील.

झाडाचं: कुंडी नळाजवळच ठेव, खाली पाण्याची ताटली असू दे, काळी माती एकदम घालू नकोस, थोडी इथली लाल मिसळ. शेवाळ काढू नकोस, मुळ्या त्यातूनच बाहेर येतात आणि मग ते आपोआप मातीत जातं. पानं पहिल्यांदा माना टाकतील, घाबरू नकोस. मी घाबरतो आहे तेवढं दोघांना पुरे. आणि मुळ्या धरल्या का ते बघायला उकरू नकोस हो. नवं पान आलं की समजायचं.

माझ्यासाठी काढलेल्या खोलीतला पंखा आणि न्हाणीतला दांडा राहू दे. लग्न झालं की आम्ही येऊ. दांड्याला कुणी आधी धरायचं यावर आत्ताच वाद सुरू आहे.

बनुबाई शेजारी बसून विचारताहेत की एवढं काय लिहिता. मी वाचून दाखवलं नाही. त्या म्हणतात, माझाही नमस्कार लिहा. तुला काय म्हणून हाक मारायची ते त्यांनी अजून ठरवलेलं नाही आणि तू त्यांना काय म्हणायचं तेही तूच ठरव, घाई नाही. या वेळी खरंच नाही.

छपराचा तो पत्रा त्यांनी स्वतः शिडीवर चढून खिळे मारून बसवला. आता वाजत नाही. पहिले दोन दिवस त्या शांततेनं मला जाग यायची.

पाकीट समोर आहे, डिंक लावतो आहे. काही राहिलं असेल तर राहू दे. या वेळी चिकटवल्यावर उघडून बघणार नाही.

तुझा,
आबा